दीपोत्सवाचा जमाखर्च : सातारा-सांगलीच्या उजेडाचा मागोवा

संस्थेचा सुवर्णमहोत्सव असो, पंचकल्याणक पूजा असो वा ग्रामदेवतेची यात्रा असो, सामूहिक आनंद प्रकट करावयाचा म्हटले की मनुष्य प्रथम दिवा लावतो. दिवा हे मांगल्याचे, ज्ञानाचे आणि स्वागताचे चिन्ह होय. परंतु चिन्ह जेव्हा लक्षावधींच्या संख्येने उभे राहते, तेव्हा त्यामागे तेल, वात, वीज, दारू, माती आणि मनुष्यबळ यांचा मोठा व्यय होत असतो. हा व्यय कोणत्या खाती पडतो आणि त्याची परतफेड कोण करतो, हा प्रश्न आज सर्वच सार्वजनिक दीपोत्सवांसमोर उभा आहे. सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहेत. दगडी दीपमाळेपासून काचेच्या कंदिलापर्यंत आणि शोभेच्या दारूकामापासून कोयनेच्या विजेपर्यंत उजेडाची सारी स्थित्यंतरे कृष्णा-कोयनेच्या या खोऱ्याने पाहिली आहेत.

निर्वाणोत्सवातील पहिला दिवा

जैन परंपरेत दीपावली ही भगवान महावीरांच्या निर्वाणाची तिथी आहे. परंपरेनुसार इसवी सनापूर्वी ५२७ मध्ये पावापुरी येथे, महाराष्ट्रातील पंचांगाप्रमाणे आश्विन अमावास्येला, भगवंतांचे निर्वाण झाले आणि तेव्हापासून वीरनिर्वाण संवत् मोजला जातो. कल्पसूत्रातील कथनाप्रमाणे त्या रात्री काशी-कोसलचे मल्ल आणि लिच्छवी असे अठरा गणराजे उपवासपूर्वक पौषधव्रतात होते. ज्ञानाचा प्रकाश मावळला, आता द्रव्याचा प्रकाश तरी करू, अशी त्यांची भावना तेथे वर्णिली आहे. पुन्नाट संघाचे आचार्य जिनसेन यांनी शके ७०५ मध्ये, म्हणजे इसवी सन ७८३ मध्ये पूर्ण केलेल्या हरिवंशपुराणात पावानगरी दिव्यांनी उजळल्याचा आणि त्या स्मरणार्थ लोक दरवर्षी दीपालिका साजरी करू लागल्याचा उल्लेख आहे. पुढे राष्ट्रकूटांच्या काळात, ९५९ मध्ये, सोमदेवसूरींनी रचलेल्या यशस्तिलकचंपूतही दीपोत्सव आढळतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेतील संशोधक प. कृ. गोडे यांनी दिवाळीच्या इतिहासाचा शोध घेताना अशा जैन साधनांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले होते.

या उल्लेखांतील एक बारकावा सहसा दुर्लक्षित राहतो. पहिला दीपोत्सव करणारे राजे त्या रात्री उपोषित होते. त्यांच्या घरी मेजवानी नव्हती, वैभवाचे प्रदर्शनही नव्हते. गेलेल्या महान प्रकाशाची आठवण म्हणून त्यांनी दिवा लावला होता. म्हणजेच दीपोत्सवाच्या मुळाशी उजेड आणि संयम ही जोडी आहे.

आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात हीच मर्यादा अधिक स्पष्ट झाली आहे. श्रावकाच्या गुणव्रतांत अनर्थदंडविरती हे एक व्रत आहे. अनर्थदंडाच्या पाच प्रकारांपैकी प्रमादचर्या या प्रकारात निष्प्रयोजन जमीन खणणे, पाणी वाया घालविणे, अग्नी पेटविणे, वारा घालणे आणि वनस्पती तोडणे यांचा समावेश होतो. गृहस्थाने अग्नी पेटवूच नये असे आचार्य म्हणत नाहीत. त्यांचा निषेध विनाकारण पेटविलेल्या अग्नीला आहे. आज ज्याला पर्यावरणाचा विचार म्हणतात, त्याचे बीज या एका व्रतात सामावलेले आहे. सार्वजनिक दीपोत्सवाचा जमाखर्च मांडताना हेच माप हाती धरणे उचित ठरेल.

तेलाच्या मापाचा उजेड

सातारा-सांगली परिसरातील जुन्या मंदिरांसमोर दगडी दीपमाळा आजही उभ्या आहेत. औंध येथील यमाईदेवीची उंच दीपमाळ तर सर्वपरिचित आहे. दीपमाळेच्या अंगावर क्रमाक्रमाने लहान होत जाणारे दगडी हात असतात आणि त्या प्रत्येकावर पणती ठेवली जाते. नवसपूर्तीसाठी, पराक्रमाच्या स्मरणार्थ किंवा पूर्वजांच्या नावे अशा दीपमाळा बांधल्या जात. त्या वर्षाचे बाराही महिने पेटत नसत. नवरात्र, त्रिपुरी पौर्णिमा, महाशिवरात्र किंवा स्थानिक यात्रा एवढ्याच ठराविक रात्री त्यांच्या वाट्याला येत. वाई, माहुली, कऱ्हाडचा प्रीतिसंगम, सांगली आणि हरिपूर येथील कृष्णाकाठी त्रिपुरी पौर्णिमेला दिवे लावण्याची प्रथाही याच परंपरेतील आहे.

या उत्सवांना मर्यादा घालणारी पहिली गोष्ट म्हणजे तेल. करंज, एरंड, कारळे आणि करडई यांचे तेल बैलघाण्यावर निघत असे. तेलबी शेतात पिकवावी लागे, घाणा दिवसभर फिरवावा लागे आणि मगच थोडेसे तेल हाती येई. म्हणूनच दख्खनच्या मध्ययुगीन शिलालेखांत मंदिरातील नंदादीपासाठी तेलाचे किंवा जमिनीचे दान स्वतंत्रपणे नोंदविलेले आढळते आणि पुढील काळातही देवस्थानांना दिवाबत्तीसाठी इनामे मिळत. तेल हे मोजून देण्याचे आणि मोजून जाळण्याचे द्रव्य होते.

साधा हिशेब असा की, एका पणतीस २५ मिलिलिटर तेल धरले तरी हजार पणत्यांना २५ लिटर तेल लागते. घाण्याच्या काळात एवढे तेल ही गावाच्या दृष्टीने मोठी रक्कम होती. त्यामुळे दिव्यांची संख्या आपोआप आटोक्यात राही. तेल संपले की मध्यरात्रीच्या आत ज्योत विझे आणि झाडे, पाखरे, नदी व माणसे यांना त्यांचा अंधार परत मिळे. पणती मातीची, वात सुताची आणि द्रोण पानाचा असल्याने दुसऱ्या दिवशी उरणारा केरही मातीत मिसळून जाई. पूर्वजांनी पर्यावरणाचे शास्त्र लिहून ठेवले नव्हते हे खरे. तथापि महाग तेलाने त्यांच्याकडून त्या शास्त्राचे पालन करवून घेतले.

काचेआडची ज्योत

विसाव्या शतकाच्या आरंभी खनिज तेल खेडोपाडी पोहोचले आणि उजेडाच्या इतिहासाने वळण घेतले. या वळणाचे एक महत्त्वाचे स्थान सातारा जिल्ह्यातच आहे. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीत १९१६ मध्ये ओगले बंधूंनी काच कारखाना उभारला. तेथील ‘प्रभाकर’ कंदील स्वदेशीच्या काळात घराघरांत पोहोचला. शेजारच्या सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी त्यापूर्वीच, १९१० मध्ये, तत्कालीन औंध संस्थानात वसली होती. या दोन्ही उद्योगांच्या मालाच्या विक्रीचे काम काही काळ केलेला एक तरुण पुढे कर्मवीर भाऊराव पाटील म्हणून महाराष्ट्राला वंदनीय झाला.

कुंभोज येथे १८८७ मध्ये जैन कुटुंबात जन्मलेल्या भाऊरावांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये सातारा हे संस्थेचे केंद्र झाले. गावोगाव कंदील विकणाऱ्या हातांनी पुढे गावोगाव शाळा उघडल्या, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. द्रव्यप्रकाशाकडून ज्ञानप्रकाशाकडे जाण्याचा हा प्रवास, कल्पसूत्रातील गणराजांच्या भावनेचे जणू उलट दिशेने केलेले अनुसरण होय.

कंदिलाच्या काचेचे आणखी एक महत्त्व आहे. उघड्या ज्योतीवर पतंग झेपावतात आणि क्षणार्धात जळून जातात. जैन आचारात रात्रिभोजनत्यागामागे जी दृष्टी आहे, तीच दिवा काचेत वा जाळीत ठेवण्याच्या रिवाजामागे आहे. अग्निकाय जीवांची आणि ज्योतीवर येणाऱ्या त्रसजीवांची विराधना शक्य तितकी टाळावी, हा त्यामागील यत्नाचार होय. मंदिरातील हंडी ही केवळ शोभेची वस्तू नसून तिच्यात जीवदयेची योजना आहे.

आकाशातील दारू

दीपोत्सवाला जोडून आलेली दुसरी परंपरा आतषबाजीची. मराठेशाहीत तिला राजाश्रय होता. महादजी शिंदे यांनी कोट्याच्या दिवाळीतील आतषबाजीचे वर्णन केल्यावरून सवाई माधवराव पेशव्यांसाठी पर्वतीच्या पायथ्याशी तसा देखावा करण्यात आल्याचे बखरीत नमूद आहे. दरबार गेला, परंतु गावांनी ही कला जपली. सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यातील कवठेएकंद हे तिचे प्रसिद्ध केंद्र आहे. दसऱ्याच्या रात्री सिद्धराज महाराजांच्या पालखीसमोर ग्रामस्थांची मंडळे शोभेचे दारूकाम सादर करतात. लाकडी औट, चक्रे आणि रंगीत झाडे यांची तयारी गावकरी स्वतः कित्येक दिवस आधीपासून करतात आणि ते पाहण्यासाठी दूरदूरचे लोक जमतात. ही केवळ उधळपट्टी आहे असे म्हणून तिची वासलात लावणे अन्यायाचे होईल. तीत पिढ्यांचे कौशल्य, मंडळांची एकजूट आणि ग्रामदैवतावरील श्रद्धा आहे.

तरीही जमाखर्चाची दुसरी बाजू लिहावीच लागते. सोरा, गंधक आणि कोळसा या मूळ दारूत बेरियमने हिरवा, स्ट्रॉन्शियमने तांबडा, तांब्याने निळा आणि ॲल्युमिनियमने शुभ्र प्रकाश मिळतो. प्रकाश क्षणात विझतो, पण धूर आणि धातूंचे सूक्ष्म कण हवेत राहून नंतर मातीवर व पाण्यात उतरतात. पक्षी घरटी सोडतात, गुरे बिथरतात, दमेकऱ्यांना रात्र जड जाते. याहून गंभीर बाब मनुष्यहानीची आहे. २०१५ च्या मे महिन्यात कवठेएकंद परिसरातील फटाक्यांच्या एका कारखान्यात स्फोट होऊन कामगारांचा बळी गेला. ज्या हातांनी इतरांसाठी आनंद घडवायचा, तेच हात त्या आनंदाची किंमत मोजतात. अहिंसेचा विचार करणाऱ्या कोणत्याही समाजाने हा आकडा आपल्या वहीत घेतला पाहिजे, मग फटाके आपल्या दारात वाजोत वा न वाजोत.

कायद्यानेही या दिशेने पावले टाकली आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत आवाजी फटाक्यांना मनाई केली. २३ ऑक्टोबर २०१८ च्या निकालात बेरियमयुक्त फटाके व फटाक्यांच्या माळा यांवर बंदी घालून केवळ कमी प्रदूषणाच्या फटाक्यांना मर्यादित वेळेत परवानगी दिली. असे फटाके विकसित करण्यात नागपूरच्या ‘नीरी’ या राष्ट्रीय संस्थेचा प्रमुख वाटा आहे आणि त्यांतून निघणारे कण सुमारे तीस टक्क्यांनी कमी असावेत अशी अपेक्षा असते. म्हणजेच सत्तर टक्क्यांचा प्रश्न तसाच राहतो. तो सोडविणे कायद्याच्या नव्हे, तर उत्सव करणाऱ्यांच्या हाती आहे.

कोयनेचा प्रकाश आणि स्वस्ताईचा प्रश्न

स्वातंत्र्योत्तर काळात उजेडाचे सर्वांत मोठे स्थित्यंतर सातारा जिल्ह्यातच घडले. कोयना प्रकल्पातून १९६२ मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली आणि पुढील टप्पे पूर्ण होऊन त्याची क्षमता १९६० मेगावॉटपर्यंत पोहोचली. महाराष्ट्रातील असंख्य घरे आणि कारखाने या विजेने उजळले. परंतु शिवसागर जलाशयाखाली कोयनाकाठची गावे गेली आणि हजारो कुटुंबांना घरदार, शेती व देवळे सोडून अन्यत्र जावे लागले. त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न अनेक दशके रेंगाळला. बटण दाबताच लागणारा दिवा फुकट नाही. त्याची मोठी रक्कम कोणीतरी आपल्या आधीच भरून ठेवली आहे, याचे स्मरण या दोन जिल्ह्यांना तरी असावयास हवे.

यानंतर एलईडी दिवे आले. १५ वॉटचे शंभर रंगीत बल्ब पाच तास लावले तर साडेसात युनिट वीज लागे. एलईडीच्या माळेत तेवढ्याच शोभेला त्याचा लहानसा अंश पुरतो. वरकरणी हा शुद्ध नफा दिसतो. परंतु इंग्रज अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्स यांनी १८६५ मध्येच कोळशाच्या बाबतीत दाखवून दिले होते की, एखादे साधन काटकसरीने वापरता येऊ लागले की त्याचा एकूण वापर घटण्याऐवजी वाढू शकतो. दीपोत्सवात नेमके हेच घडले. पूर्वी प्रवेशद्वारावर एक माळ असे. आता शिखर, प्राकार, झाडे, रस्ते आणि नदीचा घाट असे सर्वच उजळते. पूर्वी तीन रात्री चालणारी रोषणाई आता महिनाभर राहते. तेलाने घातलेली मर्यादा विजेच्या स्वस्ताईने काढून टाकली, परंतु तिच्या जागी दुसरी मर्यादा कोणी घातली नाही.

याचा भार निमूटपणे सोसणारा जीव म्हणजे कीटक. दसरा-दिवाळीचा काळ हा पावसाळा सरण्याचा काळ. चातुर्मासात साधू विहार करीत नाहीत, कारण त्या दिवसांत भूमीवर जीवोत्पत्ती विपुल असते. भातखाचरांतील हिरवे तुडतुडे आणि नाना जातींचे पतंग याच सुमारास दिव्यांकडे धाव घेतात. निळसर पांढऱ्या प्रकाशाकडे कीटक अधिक आकर्षित होतात, पिवळसर प्रकाशाकडे तुलनेने कमी. रात्रभर दिव्याभोवती फिरून ते थकून मरतात. परागीकरण आणि पाखरांचे अन्न या दोन्हींचे त्यामुळे नुकसान होते. कासचे पठार पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळांत २०१२ पासून समाविष्ट आहे आणि कोयना व चांदोलीची अरण्ये २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहेत. अशा भूमीत अंधार हीदेखील जपण्याजोगी संपत्ती आहे. विदर्भातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, ती याच जाणिवेतून.

संख्येची स्पर्धा

अलीकडे दीपोत्सवांचे मोठेपण दिव्यांच्या संख्येवर मोजले जाऊ लागले आहे. अयोध्येत २०१७ पासून होणाऱ्या दीपोत्सवात २०२५ मध्ये २६ लाखांहून अधिक दिवे लावून विश्वविक्रम नोंदविण्यात आला. वरील हिशेबाने पणतीस २५ मिलिलिटर तेल धरले, तर एवढ्या दिव्यांना ६५ हजार लिटर तेल होते. तो सोहळा कोट्यवधींच्या श्रद्धेचा विषय आहे आणि कुंभारांना त्यातून रोजगारही मिळतो. मात्र असा विक्रम गावोगावच्या मंडळांसाठी आदर्श ठरू लागला, तर पुढील वर्षी आणखी दिवे, त्यापुढील वर्षी आणखी, ही चढाओढ कोठे थांबावी याला उत्तर उरत नाही.

आपल्याकडे प्रतापगडावर नवरात्रात होणारा मशाल महोत्सव हा अलीकडचा उत्सव आहे. १६६१ मध्ये स्थापन झालेल्या भवानीमातेच्या मंदिरास साडेतीनशे वर्षे झाल्याच्या निमित्ताने तो सुरू झाला. शेकडो मशालींनी उजळलेला गड पाहून कोणाचेही ऊर भरून येईल. अशा उत्सवात एक साधी गोष्ट मात्र महत्त्वाची असते, ती म्हणजे मशालीचे कापड. निखळ सुती चिंधी तेल शोषते, सावकाश जळते आणि तिची राख होते. पॉलिस्टरमिश्रित कापड वितळते, त्याचे जळते थेंब खाली गळतात आणि धूरही घातक असतो. बाजारातील बहुतेक जुने कपडे आज मिश्र धाग्याचे असतात. म्हणून मशालीसाठी आणि वातींसाठी सुती कापड पारखून घेणे हे श्रद्धेइतकेच आवश्यक आहे. सुताचा तुकडा जाळून पाहिला तर कागदासारखा वास येतो आणि राख बोटांत विरते. कृत्रिम धाग्याचा मात्र कडक मणी बनतो. एवढी परीक्षा कोणासही करता येते.

नदीकाठच्या दीपदानातही पानाच्या द्रोणाची जागा थर्माकोल व प्लॅस्टिकने घेतली, तर मूळ विधीचा आशयच नष्ट होतो. कृष्णामाईला दिवा अर्पण करावयाचा आणि सोबत न कुजणारा केरही द्यावयाचा, हे कोणत्याच धर्मात बसत नाही.

नव्या मर्यादेची आवश्यकता

दीपोत्सव बंद करावेत, असा या विवेचनाचा आशय नाही. सार्वजनिक उजेड माणसांना घराबाहेर आणतो, एकत्र आणतो. कुंभार, तेली, मंडपवाले, वीजकारागीर यांची चूल त्यावर पेटते. प्रश्न एवढाच की, पूर्वी जी मर्यादा महागाईने घातली ती आता विवेकाने घालावी लागेल. हे काम जैन संस्थांनी सर्वप्रथम करावयास हवे. फटाके न उडविण्याची शिकवण आपल्या समाजात दृढ आहे, तिचा अभिमानही आहे. परंतु पंचकल्याणकाच्या मंडपावर, मंदिराच्या शिखरावर आणि मिरवणुकीच्या रथावर रात्रभर जळणाऱ्या प्रखर झोतांना अनर्थदंडाचे माप आपण लावतो काय, हा प्रश्न दुसऱ्यास विचारण्यापूर्वी स्वतःस विचारणे योग्य होय.

उपाय अवघड नाहीत. रोषणाई दिवेलागणीपासून फार तर रात्री दहापर्यंत असावी. प्रकाश पिवळसर आणि खाली झुकलेला असावा. झाडांवर माळा नसाव्यात, कारण तेथे पाखरांचा निवारा असतो. तेलाचे दिवे काचेआड असावेत, उरलेले तेल गोळा करून पुन्हा वापरावे आणि पणत्या धुऊन पुढील वर्षासाठी जपाव्यात. मुख्य म्हणजे, वार्षिक अहवालात जसा धर्मादाय निधीचा हिशेब छापला जातो, तसे ‘दिवाबत्ती’ हे खाते पुन्हा उघडावे आणि त्यात रुपयांबरोबर किती लिटर तेल, किती युनिट वीज आणि किती तास उजेड ही नोंद असावी. जे लिहिले जाते तेच आटोक्यात राहते, हा वहीचा जुना नियम आहे.

या भूमीने त्याचे उदाहरणही घालून दिले आहे. पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी हे सुमारे शंभर उंबऱ्यांचे गाव २०२४ मध्ये महाराष्ट्रातील पहिले सौरग्राम म्हणून जाहीर झाले. ज्या तालुक्याने कोयनेसाठी आपली गावे पाण्याखाली जाताना पाहिली, त्याच तालुक्यातील एक वाडी आपला उजेड आपणच निर्माण करते, ही गोष्ट मोठी आहे.

भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाणमहोत्सवाच्या निमित्ताने १९७४-७५ मध्ये देशभर कार्यक्रम झाले. २५५० वे निर्वाणवर्षही २०२३-२४ मध्ये साजरे झाले. पुढील पिढ्याही निर्वाणदिनी पहाटे लाडू अर्पण करतील आणि दिवे लावतील. त्या दिव्यांची संख्या इतिहास लक्षात ठेवणार नाही. पावापुरीच्या अठरा राजांनी किती दिवे लावले, हे आजही कोणी विचारीत नाही. त्यांनी उपवास करून, जाणीवपूर्वक दिवा लावला, एवढेच अडीच हजार वर्षे स्मरणात राहिले आहे. सुवर्णमहोत्सवी संस्थेने आपल्या दीपमाळेवर हा संयमाचा दिवा आधी लावावा. मग लावलेला प्रत्येक दिवा सार्थ ठरेल.

॥ जय जिनेंद्र ॥